कागद लावलेल्या खिडक्या

बालीगंज, कलकत्ता
२८ नोव्हेंबर १९५४

ती. सौ. अक्कास,
साष्टांग नमस्कार.

“कालिंदीकडे द्या, तिच्या हातून काही पडत नाही,” असं तू एकदा म्हणाली होतीस. तुला आठवत नसेल. सरोजच्या बारशाला पाळण्याखालून बाळ कुणी घ्यायचं यावरून बायकांची गडबड चालली होती आणि तू बाजेवरून एवढंच म्हणालीस. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. एकवीस वर्षं हे वाक्य मी जपून ठेवलं आहे, कारण पुढे माझ्या हातात बाळ देताना कुणी असं म्हणालं नाही. मूल नसलेल्या बाईला बाळ देताना लोक मनात दुसरंच काही म्हणतात आणि ते चेहऱ्यावर दिसतं.

आज ते वाक्य तुझ्याकडे पुन्हा मागते आहे. सरोजला डॉक्टरांनी आगगाडीत बसायची सक्त मनाई केली आहे. मागच्या आठवड्यात थोडं अंगावरून गेलं. आता बरी आहे, पण अडीच दिवसांचा प्रवास नको म्हणतात. भावजींना अर्धांग झाल्यापासून तुलाही त्यांना सोडून येता येत नाही. अशोकरावांच्या बागबाजारातल्या दोन खोल्यांना ओल आहे, आणि बँकेच्या कामाने ते महिन्यातले पंधरा दिवस आसनसोलला असतात. म्हणून काल मी तिला आमच्याकडे आणलं. बाळंतपण इथेच होईल.

अक्का, मी कधी बाळंतपण केलेलं नाही. स्वतःचं नाही आणि दुसऱ्या कुणाचंही नाही. आई असती तर तिला विचारलं असतं. आता तू सगळं लिहून पाठव. काय द्यायचं, कधी द्यायचं, किती दिवस. मला आपोआप कळेल असं धरू नकोस. तू लिहिशील त्यात मी माझं काही घालणार नाही.

तुझी,
कालिंदी


मिरज
५ डिसेंबर १९५४

चि. सौ. कालिंदी हिस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिलटकरीण लेक, आणि मी इथे. मग म्हटलं, परकं कुणी नाही, माझी बहीणच करते आहे. तुझे भावजी जड जिभेने म्हणाले, “कालिंदी करेल.” त्यांना एवढं म्हणायला किती वेळ लागतो ते तुला माहीत आहे, म्हणजे मनापासून म्हणाले.

पार्सलने डिंक, अळीव, ओवा आणि बाळंतशेपा पाठवते आहे. दहा दिवस सकाळी अळिवाची खीर, पुढे डिंकाचे लाडू. सुंभाची बाज मिळव, लाकडी पलंग चालणार नाही. रोज तेल लावून कढत पाण्याने न्हाऊ घाल, आणि न्हाणं झालं की लगेच शेक. बाजेखाली शेगडी ठेवायची, त्यात चिमूटभर ओवा आणि शेपा. निखारे पुरते लाल झाले, धूर मोडला, की मगच शेगडी आत सरकव. धुराचा बाळाच्या डोळ्यांना त्रास होतो. धूर नसला की भीती नाही. दारंखिडक्या बंद. माझ्या पहिल्या खेपेला एकच दिवस दार उघडं राहिलं, तो गुडघा अजून बोलतो.

तिथल्या बायका काय करतात ते विचारत बसू नकोस. त्या म्हणे लगेच मासे खातात.

तुझी अक्का


बालीगंज, कलकत्ता
२७ डिसेंबर १९५४

ती. सौ. अक्कास,
साष्टांग नमस्कार.

तार मिळाली असेलच. बावीस तारखेला सकाळी सरोजला मुलगी झाली. साडेसहा पौंड. कपाळ भावजींचं, पण राग तुझा. दूध जरा उशिरा मिळालं की मुठी आवळून सगळ्यांकडे पाहते. सरोजने नाव ठरवून ठेवलं आहे, लीना. मी अजून मोठ्याने म्हणत नाही. बारशाआधी म्हणू नये ना?

बाज मिळाली. गडियाहाटला एक बिहारी सुतार आहे, त्याने विणून दिली. तुझ्या पत्रातली एक एक ओळ मी वहीत उतरवून स्वयंपाकघरात टांगली आहे. हे म्हणतात, “सरकारी परिपत्रकसुद्धा आमच्या कचेरीत इतकं कुणी पाळत नाही.”

एकच काळजी आहे, थंडी. इथे एरवी शालीत भागतं. या आठवड्यात मात्र उत्तरेकडून वारा सुटला आहे आणि सगळं शहर गारठलं आहे. संध्याकाळी घरोघरी चुली पेटतात, त्यांचा धूर वर जात नाही, रस्त्यावरच पडून राहतो. त्यातून ट्राम दिवा लावून कासवासारखी येते. कचेरीतले सगळे बाबू माकडटोप्या घालून बसतात. ह्यांनीही परवा एक आणली. बाळ त्यांना पाहून पहिल्यांदा घाबरलं ते तेव्हाच.

हसू येतं, पण सगळंच हसण्यासारखं नाही. आमची कामवाली सरला पूर्व बंगालातून आलेल्यांच्या वस्तीत राहते, ढाकुरियाच्या पलीकडे. चटयांच्या भिंती आणि वर ताडपत्री. तिथे या आठवड्यात तीन माणसं गेली. ती हे भांडी घासता घासता सांगते, भाव विचारल्यासारखी.

आमच्या खिडक्यांना लाकडी पट्ट्यांच्या झडपा आहेत, त्यांना इथे खडखडी म्हणतात. बंद केल्या तरी फटींतून वारा येतोच. काय करू?

तुझी,
कालिंदी


मिरज
१ जानेवारी १९५५

चि. सौ. कालिंदी हिस अनेक आशीर्वाद.

नातीचं कपाळ भावजींचं हे ऐकून त्यांनी आरसा मागितला. बऱ्याच महिन्यांनी मागितला.

पेपरात थंडीच्या लाटेचं वाचलं आणि झोप उडाली. आता मी सांगते तसं कर, माझ्या शब्दाबाहेर जाऊ नकोस. त्या झडपांच्या फटींना आतून खळीने कागद चिकटव. दाराखाली गोधडी सार. शेक न्हाण्यापुरता ठेवू नकोस, शेगडी दिवसभर बाजेखाली असू दे, विझत आली की दुसरी सरकव. खोली गरम राहिली पाहिजे. बारसं केलं नसलंस तर पुढे ढकल. चार बायका येतील, दार उघडं राहील. नाव काय, महिन्यानेही ठेवता येतं.

आपल्या घरी थंडीत मी सरोजला असंच वाढवलं. दहा दिवसांचं पोर म्हणजे दिव्याची वात. तुझ्या हातात दिली आहे.

तुझी अक्का


बालीगंज, कलकत्ता
८ जानेवारी १९५५

ती. सौ. अक्कास,
साष्टांग नमस्कार.

तू लिहिलंस तसं सगळं केलं. चार खिडक्यांना दोन थर कागद लावले. आता दिव्याची ज्योतसुद्धा हलत नाही. मला स्वतःचं कौतुक वाटलं, हे तुला सांगायला हरकत नाही.

लाकडी कोळसा थंडीमुळे मिळेनासा झाला आहे. पण इथे दगडी कोळशाची भुकटी मातीत कालवून लाडवाएवढे गोळे करतात, त्यांना गुल म्हणतात. फार छान वस्तू आहे. बाहेर गॅलरीत पेटवून लाल झाले की आत आणते. धूर अजिबात नाही, वास नाही, आणि चार चार तास धग राहते. तिकडे मिळाले असते तर तू लाकडी कोळशाकडे पाहिलं नसतंस.

सरला मात्र रोज कटकट करते. “मा, एक तरी झडप उघडी ठेवा.” काल मी दुधासाठी खाली गेले तेवढ्यात तिने एका खिडकीचा कागद फाडला. मी फार बोलले तिला. ती म्हणाली, वस्तीत एक म्हातारी शेगडी जवळ घेऊन, सगळं बंद करून निजली ती उठलीच नाही. मी म्हटलं, “अगं, म्हातारी होती, थंडीने गेली असेल.” ती माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “थंडीने गेलेलं माणूस निळं पडतं, मा.” मग राखेने परात घासायला लागली. मी कागद पुन्हा चिकटवला.

सरोजचं डोकं दोन दिवस जड आहे. घट्ट फडकं बांधते. बाळ शहाणं झालं आहे, पूर्वीसारखं रडत नाही.

आणि एक गंमत. संक्रांतीसाठी हलवा करायला घेतला आहे. अशा थंडीत काटा काय सुरेख येतो. बाळाचा पहिला सण आहे. बाळाला न्हाऊमाखू घातलं की मी गॅलरीत परात घेऊन बसते. मुकुट, बिंदल्या आणि छोटा हार करणार आहे. नाव नसलं म्हणून दागिने नकोत असं तू म्हणणार नाहीस.

तुझी,
कालिंदी


बालीगंज, कलकत्ता
१३ जानेवारी १९५५

ती. सौ. अक्कास,

तारेत कळवलंच आहे. मंगळवारी दुपारी बाळ गेलं. थंडीने. डॉक्टर आले होते. फार वेळ लागला नाही, रडलंही नाही.

सरोज वाचली आहे. अशक्त आहे, बोलत नाही. अशोकराव बुधवारी सकाळी आसनसोलहून आले.

आणखी लिहिता येत नाही.

कालिंदी


मिरज
२१ जानेवारी १९५५

सौ. कालिंदी हिस,

अशोकरावांचं पत्र आलं. ते बुधवारी पोचले तेव्हा बाळंतिणीच्या खोलीच्या चारही खिडक्या सताड उघड्या होत्या, कागद फाटून लोंबत होते, आणि खोलीत बर्फासारखा वारा होता, असं त्यांनी लिहिलं आहे. त्यांनी तुला दोष दिलेला नाही. ते तसे नाहीत. त्यांनी फक्त पाहिलं ते लिहिलं.

मी तुला ओळ न ओळ लिहून पाठवली होती. एकच गोष्ट सांगितली होती, वारा. त्या मोलकरणीने कागद फाडला हे तूच कळवलं होतंस. तिला तेव्हाच हाकललं असतंस तर? की तुलाच धग सोसेना, म्हणून उघडल्यास? जिने मूल वाढवलं नाही तिला कसं कळणार म्हणा. हे मी लिहू नये, पण लिहिते आहे.

भावजींना अजून सांगितलेलं नाही. ते रोज नातीचं विचारतात आणि मी रोज तिचं वजन वाढवून सांगते.

सरोजला प्रवास झेपेल त्या दिवशी इकडे पाठव.

शकुन


बालीगंज, कलकत्ता
३० जानेवारी १९५५

ती. सौ. अक्कास,
साष्टांग नमस्कार.

तू लिहिलंस ते खरं आहे. खिडक्या उघड्या होत्या.

सरोज परवाच्या गाडीने अशोकरावांबरोबर निघते आहे. डिंकाचे उरलेले लाडू डब्यात दिले आहेत. तिला उन्हात बसव, आणि डोकं दुखतं म्हणाली तर फडकं बांधू नकोस, बाहेर मोकळ्यावर ने.

भावजींना सांगू नकोस. त्यांच्यासाठी तिचं वजन वाढू दे.

कालिंदी


मिरज
२६ नोव्हेंबर १९५६

सौ. कालिंदी हिस,

जवळजवळ दोन वर्षांनी लिहिते आहे ते सरोजच्या हट्टामुळे. “मावशीला कळव,” म्हणून तिने सारखं टुमणं लावलं आहे. तिला पुन्हा दिवस गेले आहेत. गेल्या महिनाअखेर इथे आली. डिसेंबरच्या शेवटी होईल.

या वेळी मी काही नशिबावर सोडणार नाही. मागच्या अंगणात बाळंतिणीसाठी नवी खोली बांधून घेतली. जुन्या घराला कौलं आहेत, त्यांतून वारा येतो. या खोलीवर सिमेंटचं छत आहे, खिडकी एकच आणि तीही घट्ट बसते. सगळ्या फटींना लांबी भरून घेतली. स्टेशनवरच्या ओळखीने दगडी कोळशाची दोन पोती आणली आहेत, तूच त्याचं कौतुक केलं होतंस. दोन शेगड्या राहतील, एक बाजेखाली, एक पाळण्याजवळ. यंदाही थंडी कडक पडणार म्हणतात. पडू दे. तुझ्या घरात जे झालं ते माझ्या घरात होणार नाही.

तू येऊ नकोस. सरोज बोलव म्हणाली तरी येऊ नकोस. बाळंतिणीच्या वाऱ्यालाही उभी राहू नकोस.

शकुन


बालीगंज, कलकत्ता
२ डिसेंबर १९५६

ती. सौ. अक्कास,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र काल आलं. लगेच तार केली, “खिडकी बंद करू नकोस”. तारेत कारण मावत नाही. तू ती फाडून टाकली असशील. हे फाडण्याआधी शेवटपर्यंत वाच.

बाळ थंडीने गेलं नाही. थंडी खोलीत शिरलीच नव्हती. मी शिरू दिली नव्हती.

त्या मंगळवारी सकाळी दोघींना न्हाऊ घातलं. बाजेखाली शेगडी सरकवली, गोधडी दाराशी सारली आणि गॅलरीत हलव्याला बसले. बारा वाजता हळूच दार ढकलून पाहिलं. दोघी गाढ झोपल्या होत्या. सरोजचे गाल इतके गुलाबी दिसत होते की मला वाटलं, आता अंगी लागायला लागलं. मी शेगडी बदलली. ताजे गुल, लालभडक, धुराचा मागमूस नाही. पुन्हा दार लावून घेतलं. पावलं वाजू नयेत म्हणून चपला काढून फिरले. अक्का, तीन तास मी त्यांची झोप राखली. हाराचा शेवटचा मणी ओवला तेव्हा सरला आली.

तिने दार उघडलं आणि एकदम मागे सरली. मग पदर नाकाला लावून आत गेली, बाळाला उचलून गॅलरीत माझ्या मांडीवर टाकलं आणि खिडक्यांचे कागद नखांनी ओरबाडून काढले. मी “अगं वारा, वारा” म्हणत होते. बाळ माझ्या मांडीवर होतं आणि मी त्याच्यावर पदर घालत होते, थंडी लागू नये म्हणून. परात तिथेच होती. सरोजला आम्ही दोघींनी ओढत बाहेर आणलं. अर्ध्या तासाने तिने डोळे उघडले.

डॉक्टर म्हणाले, कोंडलेल्या खोलीत निखाऱ्यांतून विषारी वायू सुटतो. त्याला रंग नाही आणि वास नाही. धूर गेला तरी तो असतो. लाकडी कोळशातही असतो, दगडी कोळशात फार. सरोजचं डोकं जड होतं ते त्यामुळेच, आणि बाळ शहाणं झालं होतं तेही.

अशोकराव आले ते दुसऱ्या दिवशी. त्यांनी उघड्या खिडक्या पाहिल्या. त्या खिडक्यांनीच सरोजला वाचवलं होतं. मी ह्यांना आणि डॉक्टरांना हात जोडून गप्प राहायला सांगितलं.

मी तुझ्यासाठी गप्प राहिले असं लिहिलं तर तुला पटेल, आणि ते थोडं खरंही आहे. पण तेरा तारखेला ‘थंडीने’ असं लिहिलं तेव्हा मी फक्त स्वतःला वाचवत होते. सरला रोज सांगत होती आणि मी तिला झिडकारत होते, ते कुणाला कळू नये म्हणून. मग तुझं पत्र आलं, खिडक्या उघड्या होत्या म्हणून. तेव्हा दिसलं की त्या खोट्यात तुलाही आसरा आहे. म्हणून ते तसंच राहू दिलं. दोन वर्षं वाटलं, हे एक तरी माझ्या हातून पडलं नाही.

तू चुकीचं लिहिलं नव्हतंस. तू तुझ्या घरासाठी लिहिलंस. तिथे कौलांतून सगळं निघून जात होतं, म्हणून सरोज वाढली. मी ते पक्क्या छताखाली, कागद चिकटवून केलं. आणि आता तू तसंच छत बांधलं आहेस, तसाच कोळसा आणला आहेस, आणि शेगडी एक नाही, दोन. तू माझी खोली बांधली आहेस, अक्का.

मला ठाऊक आहे तू काय म्हणशील. दोन वर्षांनी गोष्ट रचली, स्वतःचं पाप माझ्या पत्रावर ढकललं. तुझं एक जानेवारीचं पत्र माझ्याजवळ आहे. ते मी पाठवणार नाही, कुणाला दाखवणारही नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. मिरजेतल्या कुठल्याही डॉक्टरला एवढंच विचार, बंद खोलीत शेगडी ठेवली तर काय होतं. माझं नाव काढू नकोस. त्याने सांगितलं तर ते तुला आपोआप सुचलं असं सरोजला सांग. तिला या वेळीही काही कळायला नको.

शेक हवा तर जुन्या घरात दे, कौलांखाली. थंडी वाजली तर गोधड्या वाढव. सरोजला जवळ घेऊन नीज.

आणि एक मागणं आहे. तू नाही म्हणशील, हे लिहितानाच दिसतं आहे. मला एक महिना मिरजेला येऊ दे. सरोजच्या समोर येणार नाही. खोलीत पाऊल टाकणार नाही. बाहेर अंगणात, त्या एका खिडकीखाली बसेन. तुझी काळजी मला माहीत आहे. थंडी वाढली की तुझा हात खिडकीकडे जाईल, तसा माझाही गेला होता. म्हणून बाळ माझ्याकडे देऊ नकोस. ती खिडकीची कडी तेवढी माझ्या हातात दे.

तुझी,
कालिंदी